हिरवी चिठ्ठी

बाबा सरकारी कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात होते. सुटा भाग हातात यायचा, मोजला जायचा आणि त्याला हिरवी किंवा लाल चिठ्ठी लागायची. तिसरा रंग नव्हता. निवृत्त झाल्यावर राजाजीनगरच्या घरातही हीच पद्धत चालू राहिली. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच होतो: बाबा, ताई आणि मी.

ताई बोम्मसंद्र्यातल्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायची. चार महिन्यांपासून ती रजेवर होती. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं होतं, गोळ्या चालू होत्या. ती दुपारपर्यंत उठत नसे, अंघोळीसाठी तिला दोनदा सांगावं लागे. बाबा त्याला आळस म्हणत. आई गेल्यावर मी पंधराव्या दिवशी कामावर हजर झालो होतो, हा दाखला ते तिला रोज जेवताना देत.

मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक आहे. त्या सुमारास माझ्याकडे एक बातमी आली. नैराश्याकडे कल असलेल्यांच्या आणि धक्क्यातून लवकर सावरणाऱ्यांच्या मेंदूच्या रचनेत फरक आढळतो, असं तिच्यात होतं. शेवटी एक वाक्य होतं: हा फरक मोठ्या गटांच्या सरासरीत दिसतो, एकट्या माणसाच्या चित्रावरून काही ठरवता येत नाही. जागा कमी होती. मी ते वाक्य कापलं.

ताईने ती बातमी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. शहरातल्या एका संशोधन संस्थेला मेंदूच्या स्कॅनसाठी भावंडांच्या जोड्या हव्या होत्या, एक आजारी, एक धडधाकट. अर्ज तिनेच भरला. बाबांनी अट घातली. मेंदूत काही दिसलं तर ते तिला पुन्हा कधी आळशी म्हणणार नव्हते. नाही दिसलं तर गोळ्या बंद आणि निकालानंतरच्या सोमवारी कामावर. ताई लगेच कबूल झाली. कापलेल्या वाक्याबद्दल मी तेव्हाही बोललो नाही.

तपासणीच्या दिवशी तिने कुर्त्याला इस्त्री केली होती. दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, संशोधक बाईंनी आम्हाला दोन पाकिटं दिली. ताईच्या मेंदूत काहीही दोष नव्हता. माझ्या मेंदूत डाव्या बाजूला पाण्याची बारीक पिशवी होती, जन्मापासूनची, निरुपद्रवी. मग बाईंनी मी कापलेलं वाक्य जवळजवळ शब्दशः सांगितलं.

मेट्रोत ताईने विचारलं, हे बातमीत का नव्हतं? मी म्हणालो, होतं, जागा नव्हती. दोन स्टेशनं गेल्यावर तिने हात पुढे केला.

"तुझं पाकीट मला दे," ती म्हणाली. "बाबा नाव वाचणार नाहीत. त्यांना नुसतं चित्र बघायचंय."

"खोटं नाव लावणं मला जमणार नाही."

"कापायला जमतं."

घरी बाबांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर धरल्या. ताईची आधी पाहिली, रिपोर्टही वाचला. "सरी," ते म्हणाले. कारखान्यात कानडी सहकाऱ्यांकडून उचललेला शब्द. भाग पास करताना ते हाच म्हणत. माझ्या फिल्मपाशी ते बराच वेळ थांबले. मी संशोधक बाईंचं म्हणणं त्यांना सांगू लागलो.

"तू बोलू नकोस," ते म्हणाले. "डोक्याला ताण नको."

ताईच्या खणातल्या गोळ्या त्यांनी स्वतः काढून कचऱ्यात टाकल्या. ती दाराशी उभी राहून पाहत होती. अट तिनेच मान्य केली होती.

रविवारी गॅस संपला. मी भरलेल्या सिलिंडरला हात लावला तसा बाबांनी माझा दंड धरला.

"तू नको. ती उचलेल. तिला काही झालेलं नाही."

ताईने सिलिंडर उचलून ओट्याखाली ठेवला.

सोमवारी सव्वासहाला ती कोपऱ्यावर कंपनीच्या बसमध्ये चढली. डबा बाबांनीच भरला होता. बस वळेपर्यंत ते गेटपाशी उभे राहिले. मग वर येऊन त्यांनी माझ्यासमोर दूध ठेवलं आणि डोकं दुखतंय का, असं विचारलं. मी नाही म्हणालो.

"लपवू नकोस," बाबा म्हणाले. "आजार सांगावा माणसाने."