आत्तीचे पाय

आमच्या घरात चार माणसं जमली की दत्तूच्या शीचा विषय निघतोच. दत्तू आता मिशीवाला बाप्या झालाय. विषय निघाला की त्याला नेमकं शेतावरचं काम आठवतं. पण किस्से कांद्याच्या ढिगासारखे, एक ओढला की चार घरंगळतात. मी त्याची आई, तेव्हा सगळ्यात जास्त साठा माझ्याकडे.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. आम्ही निरवांगीच्या मळ्यात राहायचो. आमच्यात पोराला पायांवर बसवायची रीत. जमिनीवर बसून पाय लांब करायचे, दोन पायांत थोडी फट ठेवायची, त्यावर पोर बसवायचं आणि तोंडानं ‘शू’ करायचं. दोन वर्षांचा दत्तू फक्त माझ्या नणंदेच्या, गंगूच्या पायांवर बसला तरच मोकळा व्हायचा. माझ्या पायांवर बसून नुसता तोंडाकडे बघायचा. माझे पाय बधिर व्हायचे, मी त्याला उचलायची आणि हा नुकत्याच सारवलेल्या अंगणात कार्यक्रम उरकायचा. नऊ महिने पोटात ठेवला मी आणि मान गंगूच्या पायांना! मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

*

एकदा माझे सासरे, आबा, म्हणाले, मी बघतो. आबांच्या आवाजाला बैलसुद्धा वचकून असायचे. धोतर सावरून बसले, दत्तूला पायांवर घेतलं आणि लागले ‘शू शू’ करायला. बराच वेळ झाला. दत्तू जागचा हलला नाही. आबाच उठले आणि घाईघाईनं बांधाकडे निघून गेले.

*

बारामतीच्या बाजाराला त्याला बैलगाडीतून नेला. गंगू घरी. दिवसभर पोरानं धरून ठेवलं. मी वांगी विकू का ह्याचं पोट चाचपू? परतताना आमची वस्ती दिसली तसा गाडीतच “आत्ती, आत्ती” म्हणून गंगूला हाका मारत नाचायला लागला. गंगू शेणाच्या हातांनीच धावत आली आणि वाटेतच पाय पसरून बसली. बैल आपले थांबून राहिले.

*

शेळगावचे पाहुणे गंगूला बघायला आले. ती मान खाली घालून बसलेली. एवढ्यात दत्तू आला, झबलं वर केलं आणि बसला तिच्या पायांवर. पाहुणे आढ्याकडे बघू लागले. मुलाच्या चुलत्यानं कसंबसं विचारलं, “पोरगी कामाला कशी हाय?”

आबा म्हणाले, “बगताय न्हवं.”

लग्न ठरलं.

*

मला मात्र घोर लागला. गंगू गेल्यावर ह्या पोराचं कसं व्हायचं? गंगूही त्याच काळजीनं रडायची.

लग्न आमच्याच दारात लागलं. हळदीपासून नवरी बायकांच्या घोळक्यात, तेव्हा दत्तूनं आदल्या दिवसापासून काही केलं नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं टणक. वरात निघायची वेळ झाली, नवरा-नवरी गाडीत बसले आणि दत्तूनं हंबरडा फोडला. गंगू उतरायला उठली, तर नवऱ्याच्या आत्यानं तिचा हात धरला. गाडीत बसलेली नवरी खाली उतरली तर अपशकुन होतो म्हणे. आबांचा चेहरा पडला. माझे पाय पुढे करून झाले, पण पोर ढिम्म.

तेव्हा नवरदेवच मुंडावळ्या सावरत गाडीतून उतरला. गंगूच्या समोर धुळीत बसला आणि पाय लांब केले. मी दत्तूला त्यावर ठेवला. आजवर मान वर करून नवऱ्याकडे न पाहिलेली गंगू गाडीतून त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली.

“तसं न्हाय. पायांत फट ठिवा की.”

त्यानं ठेवली. गंगूनं वरून ‘शू’ केलं. आणि दत्तूनं दोन दिवसांचं सगळं जावयाच्या पायांवर मोकळं केलं.

आबा तांब्याभर पाणी घेऊन आले. कन्यादानाच्या वेळी त्यांनी हेच पाय धुतले होते. जावई लाजून पाय मागे घेऊ लागला.

“ऱ्हाऊ द्या, जावईबापू,” आबा म्हणाले. “मगाशी रीत म्हणून धुतलं. आता मनापास्नं धुतो.”