एझ्राकाकांनी गिळलेला पाऊस

रोह्याला कुंडलिका नदीच्या पुलापलीकडं, अष्टमी गावात एझ्रा अष्टमकर राहायचे. एसटीत तीस वर्षं तिकीट तपासनीस. बिनतिकिटवाला चेहऱ्यावरून ओळखायचे. निवृत्त झाले, एसटी सुटली, खोड काय सुटेना. दूधवाल्यावर संशय, पोस्टमनवर संशय, आणि सगळ्यात जास्त इस्रायलला गेलेल्या स्वतःच्या लेकावर, डेव्हिडवर.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये डेव्हिडनं ओळखीच्या माणसाबरोबर हवामानाचं यंत्र धाडलं. पाऊस मोजायचं भांडं न्हाणीच्या छपरावर, त्याची वायर घरातल्या डबीला. डबीवर पावसाचा आकडा, वर उद्याच्या हवेचं चित्र. सोबत चिठ्ठी : ‘बाबा, दर रविवारी आठवड्याचा आकडा सांगा.’

“का म्हणून?” काकांनी चिठ्ठी उलटून पाहिली. तीन वर्षं पोरगा मागं लागला होता, घर विका, इकडं या. आता आकडे दाखवून म्हणणार, एवढ्या पावसात जुन्या भिंती कशा टिकतील, उचला गाठोडं! बायको ह्याच घरात गेली. काकांना दुसरीकडं मरायचं नव्हतं.

त्यात डबीवर रोज ऊन. बाहेर धो धो, आणि आत सूर्यमहाराज!

“बघ गो रंभा,” काका शेजारणीला म्हणाले, “तिकडचं ऊन दाखवून भुलवतोय मला.”

रंभाची लेक नूतन कॉलेजात होती. तिनं पुस्तिका वाचली आणि हसायला लागली. “काका, हे हवेच्या दाबावरून चित्र काढतं, आणि यात गावाची उंची आठशे मीटर भरलीय. डेव्हिडदादाचं गाव डोंगरावर, आपण नदीकाठी!” तिनं बटणं दाबून दहा केली. सूर्य गेला, ढग आला.

“म्हणजे आधी स्वतः वापरलंन! मग मला कशाला धाडलंन?” काकांचा संशय उलट वाढला.

रविवारी रंभाकडं डेव्हिडचा फोन आला. डबीवर होते दोनशे चाळीस मिलिमीटर. काका म्हणाले, “चोवीस.” पुढल्या रविवारी एकशे नव्वद, तर “एकोणीस.” जन्मभर लबाड पकडले, पण शून्य गिळताना पापणी हलली नाय.

“काका, अंगणात गुडघाभर पाणी हाय!” रंभानं कपाळाला हात लावला.

“गप गो!”

तिसऱ्या रविवारी फोनवर आधी सून आली, नाओमी. आवाज दबका. “बाबा, पाऊस खरंच एवढा कमी झालाय? यांनी आकडे भिंतीवर लिहून ठेवलेत. रोज बघतात आणि जेवण टाकून उठतात. काल म्हणाले, कुंडलिका आटली तर आपण परत जायचं कुठं?”

काकांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. परत? हे कधी बोलला नाय तो. आणि आपण बोलू तरी कधी दिलं?

“दे त्याला फोन.”

“बाबा?”

“लिही. तीनशे दहा. आणि मागल्या दोन्ही आकड्यांपुढं एकेक शून्य लाव. मी खोटं बोललो.”

डेव्हिडनं हळूच विचारलं, “आणि आत्ता खरं बोलताय कशावरून?”

“पोरगा माझाच!” काका हसले, आणि डोळे भरून आले ते लपवायलाही विसरले. त्यांनी फोनची वायर ताणली, रिसीव्हर रंभाच्या खिडकीबाहेर धरला. पडवीच्या पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता.

“मोज आता तूच,” काका ओरडले.