नवऱ्याचं नाव

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या कोर्टात मनमाडच्या एका बाईंचा पोटगीचा दावा मी चालवत होतो. इंग्लंडला गेलेल्या नवऱ्यानं तिकडच्या कोर्टातून परस्पर घटस्फोट मिळवलाय, असं समोरच्या वकिलानं सांगितलं आणि मी हादरलोच. बाई पिंजऱ्यात उभ्या होत्या. न्यायाधीशांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तर या मान खाली घालून गप्प! माझं डोकंच सणकलं.

"अहो बाई, आता कसली लाज? घ्या की नाव!"

त्यांनी ते नाव अशा आवाजात उच्चारलं, की बाहेरचा पट्टेवाला धावत आत आला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मनमाडला गाडी हलली तेव्हा अशी हाक मारली असती, तर वळून तरी बघितलं असतं त्यानं."