विहिरीजवळचं झाड सोडून

शेंदूरजनाघाट सोडलं त्या सकाळी आईने माझ्या बॅगेतून दोन ड्रेस काढून ठेवले आणि त्या जागी संत्री भरली. पुण्यात संत्री मिळतात, मी नोकरीला चालले आहे, बाजाराला नाही, असं मी तिला सांगून पाहिलं. "भेटतात वं, पण इकत भेटतात," ती म्हणाली आणि चेन ओढून घेतली. बाबा एसटी येईपर्यंत रस्त्याकडे बघत उभे होते. गाडी दिसल्यावर एवढंच म्हणाले, "कोणाले शब्द देशील त मोडू नको." अमरावतीपर्यंत बॅग मांडीवर होती आणि तिच्यातून वास येत होता. शेजारची बाई दोनदा माझ्याकडे बघून हसली, म्हणून तिला एक संत्रं दिलं.

ती संत्री विहिरीजवळच्या झाडाची होती. हे झाड काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण माझा सगळा संताप तिथूनच सुरू होतो.

आमच्याकडे बगीचा उभाच विकतात. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, रांगांमधून फिरतो, मान वर करून बघतो आणि काही बोलत नाही. मग तो आणि बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसत, हातावर दुपट्टा टाकत आणि खाली बोटांनी भाव चाले. आम्हा मुलांना फक्त दुपट्टा हललेला दिसायचा. मध्येच व्यापारी उठून चालायला लागायचा, बाबा त्याला जाऊ द्यायचे, तो परत यायचा. शेवटी बाबा दुपट्टा झटकून म्हणत, "देल्ला." मग चहा. त्यानंतर भाव चढो की पडो, त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नसे. आणि विहिरीजवळचं एक झाड सौद्यात कधीच नसे. हे कुणी बोलूनही दाखवत नसे. व्यापारी स्वतःच तिथून जाताना म्हणायचा, "हे वयनीचं." आई त्याच्या हातावर त्याच झाडाची दोन संत्री ठेवायची.

शेत बाबांचं, विहीर आजोबांनी खोदलेली, घरावरही आजोबांचंच नाव. आईचं म्हणावं असं ते एक झाड, तेही तोंडीच. माहेरी आलेल्या लेकी, पोस्टमन, मास्तर, लाइनमन, जो कुणी दारात आला तो रिकाम्या हाताने परत गेला नाही. देताना आईचा चेहरा मी पाहिलेला आहे. तेव्हा ती आमच्या घरातली सर्वांत श्रीमंत बाई दिसायची.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी पुण्यात खरेदी-विक्रीच्या लोकांना इंग्रजी शिकवते. म्हणजे घासाघीस कशी करावी, नाही कसं म्हणावं, करार कसा गळी उतरवावा, या सगळ्याचं इंग्रजी. स्वच्छ एसी खोली, भिंतीवर स्लाइड, समोर इस्त्रीचे शर्ट. मी सांगते, समोरचा भावासाठी रडकुंडीला आला की त्याला 'आय हिअर यू' म्हणा आणि भाव आहे तिथेच ठेवा. ज्याला पिळायचं आहे त्याला 'पार्टनर' म्हणा. 'लेट्स मीट हाफवे' म्हणा, पण ते हाफवे कुठे येतं हे घरूनच ठरवून या. आणि दोघांपैकी एकाचं नाक कापलं गेलं की त्याला 'विन-विन' म्हणा. या शब्दांवर माझं पोट चालतं आणि या शब्दांची मला किळस येते. घरी आल्यावर मी चूळ भरते, याचा माझ्या नवऱ्याला अजून विनोद वाटतो.

तुम्ही म्हणाल, भाव काय आपल्याकडे करत नाहीत? करतात की! माझी अकोल्याची मावशी साडी घ्यायला गेली की आख्खं दुकान ऐकतं. "लुटून राहिले काय दादा?" म्हणून ती उठते, चपला घालते, कोपऱ्यापर्यंत जाते. दुकानदार ओरडतो, "या ना बाई, तुमचंच दुकान हाये." ती परत येते, पुन्हा बसते. दोघांनाही माहीत असतं की हे भांडण आहे आणि दोघंही ते मन लावून भांडतात. पुण्याच्या लोकांना हे ऐकून वाटतं, वऱ्हाडातली माणसं तोंडाळ. असतील. पण मावशीने कधी दुकानदाराला कापताना त्याचा हात हातात घेऊन 'वुई व्हॅल्यू यू' म्हटलेलं नाही.

आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात एका मुलीने आमच्यापुढे केक ठेवला. 'काँग्रॅच्युलेशन्स, यू आर होम नाऊ!' ती टाळ्या वाजवत म्हणाली. मागे अजून दोन जोडपी त्याच केकसाठी थांबलेली होती. तिचा उच्चार चांगला होता, कुणीतरी नीट शिकवलं होतं. मला तो केक गिळवेना.

तुमच्यापैकी जे पुण्याला, हैदराबादला किंवा त्याच्याही पलीकडे गेलात, त्यांना हे ठाऊक आहे. आपण सगळे असंच समजून चाललो होतो की हा गोड बोलण्याचा चिकट पदार्थ आपल्या नोकरीच्या गावात आहे, आणि सुट्टीत घरी गेलं की हात धुतले जातात. मी यंदा दिवाळीनंतर गेले आणि विहिरीकडे पाय धुवायला वळले, तर आईच्या झाडाच्या बुंध्याला पिवळी पट्टी बांधलेली.

सगळ्याच झाडांना बांधली होती. यंदा व्यापारी नव्हता, कंपनी होती; पट्टी ही तिची खूण. कंपनीचा माणूस अकोल्याकडच्या बार्शीटाकळीचा, तिशीचा, निळ्या टी-शर्टातला. वाईट नव्हता. चहा पिताना तो "काकाजी, तुमच्या इहिरीले पाणी लय हाये" म्हणायचा, आणि झाडांकडे वळला की लगेच "अंकल, वी आर पार्टनर्स". मी त्याला म्हटलं, "हे झाड सौद्यात नाही."

"म्याडम, अ‍ॅग्रीमेंटमधी 'एंटायर ऑर्चर्ड' हाये. एक्स्क्लुझिव्ह," तो म्हणाला. मग त्याने मान थोडी तिरकी केली आणि मऊ आवाजात म्हणाला, "आय हिअर यू."

अगदी तस्साच आवाज. माझ्या वर्गातली ती एसी खोली माझ्या आईच्या विहिरीवर येऊन उभी राहिली होती.

झालं होतं ते इतकंच. बाबांनी 'बगीचा देल्ला' म्हटलं, सही केली, आणि विहिरीजवळचं झाड सोडून, असं म्हणायचं त्यांना सुचलंच नाही. कारण जन्मात कधी म्हणावं लागलं नव्हतं. रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, आपण रिनेगोशिएट करू. मला हेच येतं. मी बोलते त्यांच्याशी." कराराची गाठ पुन्हा कशी सोडवायची हे मी रोज लोकांना शिकवते आणि प्रथमच ते एखाद्या चांगल्या कामाला येणार होतं.

"देल्ला म्हटलं तवा म्या सोडून म्हटलं नाई," बाबा म्हणाले. "आता काहून तोंड उघडू?"

"पण हे सगळ्यांना माहीत असतं!"

"त्याले काय माईत? त्यायच्याकडं कापूस, सोयाबीन. चूक मायी हाये."

मला बाबांचाही राग आला. शब्द पाळायचा तो यांनी, आणि त्या पाळण्याचा फायदा घ्यायचा तो कागदाने! आई भाकरी वाढत होती. पुढचे दिवस ती विहिरीवर जायची, पण झाडाकडे पाठ करून पाणी शेंदायची. माझी आतेबहीण येऊन गेली, तेव्हा निघताना आईने तिच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. दुकानातून आणलेला. आईच्या हातात तो पुडा पाहून मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त शिसारी आली.

निघायच्या दिवशी माझी बॅग भरून दारात ठेवली होती. आईने ती उघडली, दोन ड्रेस काढून खाटेवर ठेवले आणि टोपली घेऊन विहिरीकडे चालू लागली. मी मागोमाग. तोडणीची माणसं बगीच्यात होती, निळा टी-शर्ट त्यांच्याशी बोलत होता. आईने फांदी खाली ओढली तसा तो धावत आला.

"काकू, ते नका तोडू. काकाजीनं जबान देल्ली हाये."

"त्यायनं देल्ली असन," आई म्हणाली आणि पहिलं संत्रं टोपलीत टाकलं. "मले कोणं इचारलं?"

माझ्या वर्गात त्याला जे काही शिकवलं असतं त्यात याचं उत्तर नव्हतं. मग बिचारा खरोखरच म्हणाला, "बरं, मंग इचारतो. देता का काकू हे झाड?"

"नाई."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा विहिरीवरच्या पंपाच्या पाइपाशी वाकले होते. ते न उठताच म्हणाले, "मायी जबान म्या देल्ली बाप्पा. तिची माह्याजवळ नाई."

आईने तेवढ्यात दोन संत्री त्याच्या हातावर ठेवली, दरवर्षी व्यापाऱ्याच्या हातावर ठेवायची तशीच. त्यातलं एक त्याने तिथेच सोलून खाल्लं. पट्टी त्याने काढली नाही, पण त्या झाडाशी माणसंही लावली नाहीत. एसटीत बसल्यावर मला इतकं हसू आलं की कंडक्टरने विचारलं, काय झालं ताई. त्यालाही दोन दिली.

सोमवारी ऑफिसात मी टेबलावर संत्री ठेवली. वर्ग सुरू व्हायचा होता, स्लाइडवर 'क्लोजिंग द डील' लावलेलं होतं. सहकारी बाईने एक सोललं, डोळे मिटले आणि म्हणाली, "वॉव! कुठून ऑर्डर केलीस? लिंक पाठव ना." मी म्हटलं, "घरून आणली." तिला वाटलं, मी फ्लॅटबद्दल बोलतेय.

त्या फ्लॅटचा करार माझ्या कपाटात आहे, त्यावर माझी सही आहे. पण घर म्हटलं की मला विहिरीजवळची तेवढी सावली दिसते. बाकी सगळं सौद्यात देऊन झालंय, मीसुद्धा. तेवढं एक झाड उरलंय, कारण सही करताना माझ्या आईला विचारायचं राहून गेलं.