मेधाच्या तोंडी माझे पोहे

खरं सांगते, मी सिंगापूर बघायला गेलेच नव्हते. माझी कॉलेजच्या हॉस्टेलची रूममेट मेधा तिथे पशुआहाराच्या परिषदेत बोलणार होती. मी फलटणला पशुखाद्याच्या कारखान्यात, आणि ती? जाऊ दे. तिकीट काढलं ते जळायलाच.

विमानतळावरून एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, मेधाच्या सेंगकांगला. बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, तिकिटाची भानगड नाही. मेधाचा फ्लॅट इतका उंचावर की खालची झाडं कोथिंबिरीएवढी. "लहानच आहे गं," ती म्हणाली. लहान म्हणे!

दुसऱ्या दिवशी भाषण. मांसासाठी पोसलेल्या गुरांना मका कसा द्यावा? अख्खा दाणा पुष्कळदा शेणातून तसाच बाहेर पडतो. भरडला तर बरा पचतो. वाफवून चपटा केला तर आतला स्टार्च फुलतो आणि उत्तम पचतो. इथवर ठीक. मग बाईसाहेब म्हणाल्या, "आमच्याकडे सकाळी पोहे खातात ना, तसे हे मक्याचे पोहे!" टाळ्याच टाळ्या. अहो, हे उदाहरण माझं! परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच तिला असं समजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुलाउ उबीन बेट. चांगीच्या धक्क्यावरून बमबोट, म्हणजे छोटी मोटरहोडी, माणसं भरल्याशिवाय सुटत नाही; चार डॉलर सुटे ठेवा. बेटावर भाड्याच्या सायकली मिळतात, ब्रेक बघून घ्या. चढावर सायकल ढकलताना मी बोललेच.

"मेधा, पोहे माझे होते."

"तुझेच की! मी विसरेन होय?"

"मग स्टेजवर नाव का नाही घेतलंस?"

"भाषणात नावं कोण घेतं गं, निलू?" ती हसली. "तू तुझ्या शेतकऱ्यांना पुढचं सांग. अख्खा दाणा म्हणजे ओंडका, सावकाश जळतो. पीठ म्हणजे लाकडाचा भुसा, एकदम भडकतो. म्हणून फार बारीक दळलं की पोटात आम्ल होतं, जनावर खाणं सोडतं."

इतकं सुरेख तिला चालता चालता सुचलं. मला मेलं शहाळंही गोड लागेना.

परत आल्यावर गोठेवाल्यांची बैठक होती. एकानं विचारलं, "मॅडम, मका पार पिठासारखा दळला तर?"

मी ओंडका आणि भुसा सांगितला. सगळ्यांच्या माना डोलल्या.

"वा! मॅडम, हे कसं काय सुचलं तुम्हाला?"

मेधाचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी पाण्याचा घोट घेतला.

"असंच," मी म्हणाले, "सायकल ढकलताना."