परसात भाजलेला राब

भाताच्या रोपांसाठी राब शेतात भाजतात हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तो घरामागच्या परसात भाजला. वर लोकांनी कौतुक करावं म्हणून पदर खोचून, कमरेवर हात ठेवून धुराशेजारी उभीही राहिले. तेव्हाची मी आज समोर आली, तर तिला पाट द्यावा की पाठीत धपाटा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

देश स्वतंत्र होऊन पाचेक वर्षं झाली होती आणि मला गिरगावातून नागावजवळच्या या घरात येऊन पाच महिने. माहेरी झाड म्हणजे चाळीच्या गॅलरीतली, तुपाच्या डब्यात लावलेली तुळस. तिचं एक पान खाली पडलं तर आई उचलायला लावी. त्या शिस्तीत वाढलेल्या मला सासरचं परस बघून पहिल्या दिवशीच घेरी यायची बाकी होती. फणसाखाली वीतभर पातेरा. पातेरा म्हणजे झाडाखाली साठलेला वाळका पाला. कडेची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, कुठे संपते आणि रान कुठे सुरू होतं ते कळायचं नाही, करवंदीची जाळी, अडुळसा, घाणेरी, सगळं एकमेकांच्या गळ्यात. न्हाणीचं पाणी जिथे जाई तिथे अळू माजलेलं आणि त्यात बेडकं. सातभाई पक्षी दिवसभर पातेरा उपसत भांडायचे. एक मुंगूस तर माझ्याकडे असं बघे, जणू पाहुणी मी आहे.

घरात माझ्याखेरीज माणसं तीन. सासरे दिवसभर शेतावर. हे मुंबईला नोकरीत, पंधरा दिवसांनी लाँचने येणार. आणि आजेसासूबाई, ह्यांची आजी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. उजेड-अंधार कळे, त्यापलीकडे काही नाही. तरी ती रोज सकाळी एकटी मागच्या दाराने उतरे, परसातून चालत टोकाच्या मांडवापर्यंत जाई आणि ओटीत तोंडली घेऊन परत येई. कुणी हात धरायला गेलं तर झिडकारी. "मी काय गाय हाय, दाव्याला धरून न्यायला?"

ती कशी जाते, असा प्रश्न मला पाच महिन्यांत एकदाही पडला नाही. मला प्रश्न पडे तो हा, की एवढा कचरा या लोकांना दिसत कसा नाही.

चैत्रात गावभर राब भाजायला लागले. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर पाला, फांद्या, शेण पसरतात आणि पेटवून देतात. तण मरतं, राखेचं खत होतं. सासऱ्यांनी मला ते नीट समजावून सांगितलं होतं. त्यातलं 'पाला पेटवतात' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. ह्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी मी गडी लावून वई तोडली, करवंद खणून काढली, अळू उपटून न्हाणीचं पाणी चराने बाहेर काढलं, पातेऱ्याचा शेवटचा कण झाडून ढीग केला आणि काडी लावली. शेजारची काकी धूर बघून धावत आली.

"अगो बाय, हे काय?"

"राब," मी ऐटीत म्हटलं.

तिने एकदा ढिगाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरा हाय. आता पेरणार काय हितं, बटाटं?"

संध्याकाळपर्यंत गावात तेच चाललं होतं. मला हसणं ऐकू येत होतं, पण परस आरशासारखं दिसत होतं. खरं सांगते, त्या रात्री मी अभिमानाने झोपले.

सकाळी मी परसातल्या विहिरीपाशी भांडी घासत होते. आजेसासूबाई नेहमीसारखी पायरी उतरली. चार पावलं चालली आणि थांबली. पाय पुढे घासून बघितला, मग डावीकडे, मग उजवीकडे. मग चालू लागली ती मांडवाकडे नाही, सरळ विहिरीकडे. मला वाटलं, माझ्याकडेच येते आहे, काही हवं असेल. तिची नडगी विहिरीच्या काठावर आपटली तेव्हा कुठे मी भांडं टाकून तिला कवेत धरलं. काठ गुडघ्याइतकाच उंच होता.

ती माझ्या दंडाला धरून नुसती उभी राहिली. मग हलक्या आवाजात विचारलं, "माजं परस कुठं गेलं गो?"

मग मला कळलं. पायवाट चोपलेली, गुळगुळीत. तिच्या दोन्ही अंगांना पातेरा. पाय वाटेवरून सुटला की पाला वाजे, आणि ती पुन्हा वाटेवर येई. उजव्या हाताला बेडकं, म्हणजे न्हाणी. समोर सातभाईंचा कलकलाट, म्हणजे करवंदीची जाळी, तिथून वळलं की मांडव. पावसात पाला भिजून मुका झाला की बेडकं दुप्पट ओरडून भरपाई करत. डोळे गेल्यावर तिने हा सगळा नकाशा एकटीने बसवला होता, आणि मी तो एका दुपारी झाडून पेटवला होता.

त्या दिवसापासून ती मागच्या पडवीत बसून राहू लागली. तोंडली मीच आणून तिच्या पुढ्यात ठेवी. म्हातारी ती चाचपायची नाही. हाताला धरून ने म्हणायची नाही, आणि मी नेते म्हटलं तरी उठायची नाही.

मी भरपाईला निघाले, तीही माझ्याच पद्धतीने. टोपली घेऊन घरोघर पातेरा मागायला गेले. "आपला जाळून आमचा मागतेस व्हय?" काकी म्हणाली, पण दोन टोपल्या दिल्या. मी तो वाटेच्या दोन्ही बाजूंना रांगोळीसारखा घातला आणि म्हातारीला बोलावलं. ती पायरीपर्यंत आली, कान देऊन उभी राहिली आणि माघारी फिरली.

"पातेरा रिकामा हाय," म्हणाली. "त्यात कोन ऱ्हात न्हाय."

हे वाक्य कळायला मला दोन पावसाळे लागले. वईला अडुळशाच्या, निरगुडीच्या फांद्या खोचल्या, करवंदीची रोपं रानातून आणली, न्हाणीचं पाणी पुन्हा मोकळं सोडलं, काठ फुटलेली, गुरांच्या पाण्याची दगडी डोण भरून फणसाखाली ठेवली. ते सगळं सोपं होतं. अवघड होतं ते नंतर काही न करणं. पान पडलं की माझा हात केरसुणीकडे जाई. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवी. हे येत आणि विचारत, "परस आहे की रान?" मी म्हणे, "अजून नाही झालं रान. थांबा जरा."

खालचा पाला कुजला, त्यात वाळवी आली, गांडुळं आली. पहिलं बेडूक ओरडलं त्या रात्री मी उठून बसले. मग डोणीवर बुलबुल. सातभाई मात्र वई माणसाच्या उंचीची होईपर्यंत फिरकले नाहीत. आले ते सहा-सात एकदम, आणि मधल्या दोन वर्षांत काहीच घडलं नसल्यासारखे पाला उलटत भांडायला लागले. पडवीतल्या म्हातारीची मान त्यांच्याकडे वळली. पण ती उठली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटलं, परस आलं परत, पण तिचा पाय काही येत नाही.

थंडीच्या दिवसांतली एक सकाळ. मी चुलीवर दूध ठेवून डोकावले तर पडवी रिकामी. आजेसासूबाई पायरी उतरून वाटेवर होती, एकटी. मला हाक मारायचं धाडस होईना आणि सोडूनही देववेना. मी अनवाणी धावत जाऊन विहिरीच्या बाजूला, फणसाच्या बुंध्याआड उभी राहिले. ती चुकलीच तर झेलायला. तिने एकदा पाय पाल्यात घातला, मागे घेतला. सातभाई एकदम कालवा करत वईवर चढले. वाटलं, म्हातारीला घाबरले, आता तिचाही धीर सुटणार. ती थांबली. तोंड बरोबर फणसाकडे वळवलं.

"ते मला बघून न्हाय ओरडत, फनसामागं कोन उभी हाय त्ये सांगतायत. जा गो बाय घरात, दूध उतू जाईल. माजी मी येते."