दगड बाई की बाप्या?

पूर्वेकडच्या एका बेटावर, बाडाच्या खोऱ्यात, दोर्कास नावाच्या बाईच्या भातखाचरात एक कोरीव दगड कमरेपर्यंत पुरलेला उभा होता. वाटोळं तोंड, लांब नाक, हात पोटाकडे वळलेले. कुणी उभा केला, कशासाठी, देव जाणे! कुणी म्हणे राखणदार, कुणी म्हणे चोरून प्रेम केलं म्हणून दगड झालेला. दोर्कासचं ठाम मत होतं, हा दगड म्हणजे भात राखणारी आजी. शेजारचा मेल्की म्हणायचा, "कसली आजी? बाप्या आहे बाप्या!"

दोर्कास झाडाची साल कुटून कापड करायची. नवरा गेला, पोरं शहरात गेली, पण तिची दगडी थापी थांबली नाही. तोंड तर नाहीच नाही. मेल्कीचीही बायको गेलेली. एकदा नदीवर त्याने सगळ्या बायकांसमोर विचारलं, "करतेस का माझ्याशी लग्न?" बायका फिदीफिदी हसल्या, तशी ही लाजून भडकली. "तो दगड बाप्या निघू दे, मग करीन!"

झालं! शब्द गावभर. तेव्हापासून मेल्की रोज बांधावर यायचा, तिला भाजलेलं कणीस द्यायचा आणि दगडाला विचारायचा, "काय भाऊ, कधी सांगतोस?" बोलता बोलता दोर्कासचाच जीव जडला. तिने सालीचा एक रुमाल कुटला, पुरुषाने डोक्याला बांधायचा, रंगवून लपवून ठेवला. पण चारचौघींत दिलेला शब्द गिळायचा कसा? आता तीच मनात म्हणायची, 'बाप्या नीघ रे बाबा!'

यंदा कापणीनंतर शहरातून जुन्या दगडांचा अभ्यास करणारे खोदायला आले. दोर्कास रुमाल कमरेला खोचून बांधावर उभी राहिली. माती हटत गेली. कंबर मोकळी झाली, आणि त्याखालची खूण बघून बायका ओरडल्या, "अगं बाई! बाईच आहे!"

दोर्कास जिंकली आणि तिचा हात कमरेच्या रुमालावर गेला. मेल्की कसनुसा हसला. "जिंकलीस बाई," म्हणून चालू लागला.

"ए मेल्क्या, थांब!"

"आता काय, चिडवतेस?"

"बाप्या निघाला तर करीन, म्हटलं होतं. बाई निघाली तर करणार नाही, असं म्हटलं होतं का मी? सांग ना, म्हटलं होतं?"

तिने रुमाल काढून त्याच्या डोक्याला करकचून बांधला. गाव खो खो हसत सुटलं.

खड्ड्यातून खोदणाऱ्या मुलीने विचारलं, "आजी, हा दगड कशासाठी उभा केला असेल हो?"

"ज्यांनी केला त्यांना ठाऊक," दोर्कास डोळे पुसत म्हणाली. "माझं लग्न अडवून मात्र मेला पाच वर्षं उभा होता!"